रामोशकी

दिवेलागण झाली, की माझी आजी चुलीवरच्या दोन भाकऱ्या आणि कोरड्यासाची वाटी वेगळी काढून ओसरीच्या कोनाड्यात झाकून ठेवत असे. तो घास नाईकबाबांचा. अंधार दाटायच्या सुमाराला हातात कंदील, खांद्यावर घोंगडे आणि बगलेत काठी घेऊन ते येत, उंबऱ्याबाहेर उभे राहून एकदा खाकरत आणि काही न मागता थांबत. आम्हा मुलांपैकी कोणी तरी ते फडके त्यांच्या हातात देई. एकदा मी सहज विचारले, की हे रोज भीक मागायला का येतात, तेव्हा आजीने परातीतला हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "भीक न्हवं ती. हक्क हाय त्यांचा. आपुन निजतो तवा ते जागं असत्यात."

कऱ्हेच्या खोऱ्यातले आमचे गाव लहान होते आणि अंगणातून मान वर केली की पुरंदर आणि वज्रगड ही जोडगोळी दिसे. गावाच्या कडेला रामोशांची पाच-सात घरे होती. त्यांच्यातले सर्वांत वृद्ध ते नाईकबाबा. पहाटे कधी मी लवकर उठून त्यांच्यामागे गेले, तर ते ओढ्याकाठच्या वाटेवर उकिडवे बसून मऊ धुळीतली पावले मला दाखवत. "ही टाच बघ, कशी खोल रुतलीया. म्हंजी डोईवर वझं व्हतं. पळत गेला आसता तर चवडा रुतला आसता." मग पुढे सरकून, बोट न लावता, ते सांगत की हा माणूस डाव्या पायाने थोडा लंगडतो, हा अनवाणी आहे पण सवयीचा अनवाणी नाही, आणि ही बाई एकटी नव्हती, तिच्या कडेवर मूल होते. मला ती जादू वाटे. आज कळते, की ती पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या होती, आणि तिच्या मोबदल्यात आमच्या घरून त्यांना दोन भाकऱ्या मिळत होत्या.

त्याच घरात एका सुगीला आजीची सोन्याची पाटली हरवली. दिवसभर शोधाशोध झाली, आणि संध्याकाळी आजोबांनी पोलीस पाटलांना निरोप धाडला. पाटलांनी कोणाला काही विचारण्याआधी नाईकबाबांना चावडीवर बोलावून घेतले. त्यांना कोणी हात लावला नाही, शिवीही दिली नाही. नुसते बसवून ठेवले, सकाळपासून दुपार कलेपर्यंत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर. त्यांच्या घराची झडती झाली, दोन मडकी आणि एक पत्र्याची पेटी उपडी करून पाहिली गेली. आठ दिवसांनी ज्वारीची कणगी उपसताना पाटली दाण्यांत सापडली. कणगी भरताना आजीनेच ती काढून कडेला ठेवली होती. आमच्या घरातून कोणीही नाईकबाबांकडे जाऊन चूक झाली असे म्हटले नाही. त्या संध्याकाळी आजीने फडक्यात दोनऐवजी चार भाकऱ्या आणि गुळाचा खडा बांधला, आणि तो मी नेऊन दिला. फडके हाताला जड लागले, तसे त्यांना सगळे कळले असावे. ते इतकेच म्हणाले, "चोरी झाली की आधी राखनदाराला धरायचं, ही रीतच हाय बाळ. आमच्या राजालाबी तसंच धरलं." राजा कोणता, असे मी विचारले. त्यांनी काठीने डोंगराकडे दाखवले आणि भिवडीच्या उमाजी नाईकांचे नाव घेतले.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. शाळेच्या पुस्तकात ते नाव नव्हते. त्यानंतर वाचायला मिळेल ते वाचत, पुरंदरच्या पायथ्याला फिरत आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत मी या एका माणसाच्या मागावर आयुष्याचा बराच काळ घालवला, आणि दरवेळी नाईकबाबांच्या त्या एका वाक्याशी परत आले. राखणदाराला आधी धरायचे, ही खरोखरच जुनी रीत होती. तिचे नाव रामोशकी.

रामोशकी हे वतन होते. गावात रात्रीचा पहारा द्यायचा, परक्या वाटसरूला पुढच्या गावापर्यंत पोचवायचे, सरकारी रकमेबरोबर चालायचे आणि चोरी झालीच तर माग काढायचा, ही रामोशाची कामे. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला, की तो त्या गावच्या रामोशाच्या हवाली करायचा आणि पुढची जबाबदारी त्याची. माग शिवेबाहेर काढता आला नाही, तर चोरीची भरपाई रामोशाने करायची, कारण राखण त्याची होती. म्हणजे राखणदाराला धरण्याची रीत हा संशय नव्हता, तो करार होता, आणि त्या कराराला दुसरी बाजूही होती. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा, घरोघरची भाकरी, सणाचे मानाचे, कुठे इनामाची जमीन. गडाच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या घराण्यांकडे याहून मोठे काम होते. गडाच्या घेऱ्यात ठिकठिकाणी मेटे असत, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या, आणि त्या सांभाळणाऱ्यांना गडाखालच्या जमिनींतून पोटगी मिळे. पुरंदरच्या पहाऱ्यावर रामोशी नाईकांची घराणी होती. उमाजींचे वडील दादोजी खोमणे त्यांपैकीच.

भिवडीला ७ सप्टेंबर १७९१ रोजी उमाजींचा जन्म झाला. आईचे नाव लक्ष्मीबाई. मुलाने गोफण, तीरकामठा, कुऱ्हाड आणि भाला हाती धरला तो खेळ म्हणून नव्हे, घराण्याचा व्यवसाय म्हणून. मात्र तो व्यवसाय त्यांच्या हाती येण्याआधीच निसटला. दुसरे बाजीराव १८०२ च्या वसईच्या तहाने इंग्रजांच्या आश्रयाला गेले, आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या गादीवर परत बसले. त्यानंतर पुरंदरच्या राखणीचे काम रामोशांकडून काढून घेण्यात आले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे ही गोष्ट सांगताना सगळा दोष गोऱ्या साहेबाच्या माथी मारून मोकळे होण्याची सवय आहे. पहिला घाव आपल्याच दरबाराने घातला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, त्याच वर्षी पुरंदर कंपनीच्या हाती गेला, आणि गडांचेच काम संपले. ज्या राज्याची फौज छावणीत राहते, त्याला मेटांवर जागणाऱ्या माणसांची गरज उरत नाही. कागदोपत्री सनद नसलेल्या, पिढ्यांच्या वहिवाटीवर चाललेल्या जमिनी सरकारजमा होत गेल्या, गडावरच्या नेमणुका बंद झाल्या, आणि डोंगराच्या कुशीतली शेकडो कुटुंबे एकाएकी बिनकामाची आणि बिनधान्याची झाली. त्यातच १८२४-२५ च्या सुमाराला दख्खनमध्ये पाऊस फिरकला नाही.

नव्या राज्याने कराराची एक बाजू ठेवली आणि दुसरी काढून घेतली. चोरी झाली की राखणदाराला धरायचे, हे कलम साहेबालाही पटले, कारण ते त्याला सोयीचे होते. वाट्याचे कलम मात्र त्याच्या वहीत आलेच नाही. उमाजी नाईकांचे सगळे आयुष्य मला या एका अन्यायाला दिलेले उत्तर वाटते.

त्या आयुष्यातली एक गोष्ट माझ्या मनातून कधी जात नाही. कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या काळातच दरोड्याच्या आरोपावरून त्यांना कैद झाली, आणि त्या कैदेत ते लिहायला-वाचायला शिकले. सत्ताविशीतला एक पुरुष, ज्याची बोटे आजवर गोफणीच्या दोरीला आणि काठीला सरावलेली, तो तुरुंगाच्या जमिनीवर बसून अक्षरे गिरवतो आहे. शाळेत त्याला कोणी बसवले नसते. ज्या समाजात तो जन्मला, त्याच्यासाठी त्या काळी शाळा नव्हतीच. पावलांवरून माणूस ओळखणाऱ्या नजरेला अक्षराची वळणे अवघड गेली नसावीत, असे मला वाटत राहते. पुढे त्यांच्या नावाने जी पत्रे आणि जाहीरनामे निघाले, त्यांची मुळे त्या कोठडीत आहेत.

सुटून आल्यावर त्यांनी माणसे जमवली. जेजुरीचा खंडोबा हे रामोशांचे कुलदैवत, आणि बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ ही त्यांच्यात मोडत नाही. सासवड, जेजुरी, भोर, सातारा हा सगळा डोंगराळ पट्टा त्यांना अंगणासारखा माहीत होता. १८२४ मध्ये पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचा सरकारी खजिना लुटला गेला. ज्या भांबुर्ड्याला आज आपण शिवाजीनगर म्हणतो आणि जिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, ते तेव्हा मुठेपलीकडचे खेडे होते. त्या लुटीतला पैसा देवळांच्या पूजाअर्चेसाठी वाटला गेला, असे सांगतात. १८२६ मध्ये सरकारने पहिल्यांदा जाहीरनामा काढून उमाजींना पकडून देणाऱ्यास १०० रुपयांचे बक्षीस लावले. ते बक्षीस पुढे वाढत गेले, आणि प्रत्येक वाढीत सरकारची बेचैनी वाचता येते. कारण बक्षीस शंभराचे हजारांवर गेले, तरी ज्यांच्या दारात हा माणूस रात्री भाकरी खाऊन जात होता, त्यांनी तोंड उघडले नाही.

१८२७ मध्ये पुण्याचे कलेक्टर रॉबर्टसन आणि उमाजी यांच्यात जाहीरनाम्याला जाहीरनामा अशी झुंज सुरू झाली. रामोशांची वतने परत द्या, ही उमाजींची मुख्य मागणी होती. सरकार ऐकेना, तेव्हा त्यांनी गावांना कळवले, की महसूल कंपनीला न भरता आपल्याकडे भरावा, आणि भोरच्या बाजूच्या काही गावांनी तो खरोखर भरला. या टप्प्यावर ते दरोडेखोर उरले नाहीत, असे मी म्हणते तेव्हा भावनेच्या भरात म्हणत नाही. दरोडेखोर रात्री येऊन मिळेल ते नेतो. महसूल मागणारा माणूस दिवसाढवळ्या सांगतो, की या मुलखाची राखण मी करतो, म्हणून वाटा माझा आहे. रामोशकीचेच सूत्र त्यांनी एका गावावरून मुलखाला लावले होते. त्यांच्या सोबत्यांनी त्यांना राजे म्हणायला सुरुवात केली, ते दरबार भरवून फिर्यादी ऐकू लागले. राजाचा पहिला धर्म राखणीचा, हे रामोशाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तरीही इथे मला थांबावेसे वाटते, कारण ज्यांच्यावर जीव आहे त्यांच्याबद्दल अर्धेच खरे लिहिणे ही त्यांची उपेक्षा होईल. बंडाचा खर्च आकाशातून पडत नसतो. ज्या गावाने उमाजींना महसूल दिला, त्याला कंपनीच्या शिपायांनी छळले असणार, आणि ज्याने दिला नाही, त्याला रामोशांची भीती. सावकार आणि वतनदार लुटले गेले, तसे काही निरपराध वाटसरूही लुटले गेले. त्या काळच्या नोंदींत मारहाणीच्या आणि जाळपोळीच्या हकिकती आहेत आणि त्या सगळ्या शत्रूने रचलेल्या आहेत, असे मी मानत नाही. डोंगरात राहणाऱ्या टोळीला शिस्त लावणे राजाला जमते, पण प्रत्येक रात्री जमत नाही. मला उमाजी नाईक निष्कलंक हवे आहेत असे नाही. ते ज्या अन्यायाविरुद्ध उभे राहिले, तो खरा होता, आणि त्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत खरी होती.

१८२८ साली जे घडले, ते मला या सगळ्या कथेत सर्वांत बोलके वाटते. फौज धाडून, बक्षिसे लावून, कुटुंबातल्या माणसांना अटकेत ठेवूनही हाती काही लागेना, तेव्हा कंपनी सरकारने उमाजींना माफी दिली, जमीन दिली, दरमहा पगार सुरू केला आणि त्याच मुलखात चोऱ्यामाऱ्या होऊ न देण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. म्हणजे दहा वर्षांपूर्वी काढून घेतलेली राखण सरकारने स्वतःच्या हाताने परत केली. हा माणूस मुळात राखणदार आहे, चोर नव्हे, याची याहून स्पष्ट कबुली कोणती असेल? पण ती कबुली एका माणसाला होती, समाजाला नव्हती. एका नाईकाला पगार मिळाला म्हणून शेकडो घरांच्या चुली पेटत नाहीत. उमाजींनी ही नोकरी मनापासून स्वीकारली होती की नुसता दम खाल्ला होता, यावर वाद होऊ शकतो. मला वाटते, की दोन्ही असावे. दीड-दोन वर्षांत एकमेकांवरचा संशय वाढत गेला आणि १८३० च्या सुमाराला त्यांनी पुन्हा डोंगर जवळ केला. या वेळी मागे फिरण्याची वाट त्यांनी स्वतःच बंद केली.

१६ फेब्रुवारी १८३१ चा त्यांचा जाहीरनामा हा त्या निश्चयाचा कागद आहे. इंग्रजांची चाकरी सोडा, त्यांना महसूल देऊ नका, त्यांचे खजिने लुटा, युरोपियन दिसेल तिथे त्याला ठार करा, असे त्यात बजावले आहे. ही भाषा कठोर आहे आणि आज वाचताना अंगावर येते. पण त्याच कागदात आणखी एक आवाहन आहे, जे मला उमाजींच्या अंतःकरणाच्या अधिक जवळचे वाटते. ज्यांची ज्यांची वतने, इनामे आणि तनखे या राज्याने हिरावून घेतले, त्या सर्वांनी येऊन मिळावे, त्यांचे हक्क त्यांना परत मिळतील. यात रामोशांपुरते बोलणे नाही. तुरुंगात अक्षरओळख झालेला गडाच्या घेऱ्यातला एक मेटकरी, राजेरजवाड्यांपासून गावच्या बलुत्यापर्यंत सगळ्यांना एका धाग्यात बांधू पाहतो आहे, आणि तो धागा आहे हक्काचा.

सरकारने मद्रास पलटणीतल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याला या कामी लावले. मॅकिंटॉशने ओळखले, की बंदुकीने हा माणूस सापडायचा नाही, त्याचा माग रामोशीच काढू शकेल. बक्षीस १०,००० रुपये आणि ४०० बिघे जमिनीपर्यंत चढवण्यात आले. काळोजी नाईक आणि नाना चव्हाण हे उमाजींच्याच वर्तुळातले दोघे फितले. १५ डिसेंबर १८३१ रोजी भोरजवळच्या उत्रोळी गावी उमाजी पकडले गेले. ज्याने आयुष्यभर पावलांचे माग वाचले, त्याचा माग त्याच विद्येने घेतला गेला.

फितुरांबद्दल आपल्याकडे एकाच सुरात बोलले जाते आणि मीही अनेक वर्षे तसेच बोलत आले. पण आमिषाकडे नीट पाहावे. रोकड होतीच, पण तिच्यासोबत जमीन होती, ४०० बिघे. ज्या जमिनी काढून घेतल्या म्हणून बंड उभे राहिले, तीच जमीन बंड मोडण्यासाठी पुढे करण्यात आली. उपाशी ठेवलेल्या माणसांपैकी एकाला पोटभर अन्न दाखवून दुसऱ्याला धरून देण्यास सांगणे, ही राज्य चालवण्याची रीत आहे आणि ती कंपनीबरोबर संपली असे मला दिसत नाही. काळोजीला मी क्षमा करू शकत नाही. पण त्याच्यापाशीच थांबून सगळा राग संपवून टाकणे, हेही साहेबाच्याच सोयीचे आहे.

उमाजींना पुण्यात आणून खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीच्या एका खोलीत ठेवले गेले. पकडल्यापासून फाशीपर्यंत मोजले, तर पन्नास दिवस होतात. या दिवसांत मॅकिंटॉश सकाळी त्या खोलीत येऊन बसत असे आणि उमाजींच्या तोंडून त्यांची हकिकत लिहून घेत असे. १८३३ मध्ये मुंबईत छापलेल्या, रामोशी जमातीविषयीच्या त्याच्या इंग्रजी पुस्तकात उमाजी नाईकांचे चरित्रही आहे. उमाजींच्या डोळ्यांसमोर शिवाजी महाराजांचे उदाहरण होते, अशी नोंद त्यात आहे. शत्रूने लिहिलेले आहे, म्हणून ते पुस्तक मी प्रथम हातात घेताना मनात अढी होती. वाचत गेले तशी वेगळीच गोष्ट जाणवली. लिहिणाऱ्याने न्याय फाशीचाच मान्य केलेला आहे, पण त्याच्या वाक्यांतून आदर लपत नाही. त्याने शिकारीची नोंद करावी तशी सुरुवात केली आणि एका माणसाचे आयुष्य लिहून ठेवले.

त्या खोलीतल्या सकाळींचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक जण लिहितो आहे, दुसरा सांगतो आहे. सांगणाऱ्याला लिहिता येते, पण लेखणी त्याच्या हातात नाही. समोर बसलेल्याला काय सांगायचे आणि काय गिळायचे, हे तो शब्दाशब्दाला ठरवत असणार. कोणत्या गावाने भाकरी दिली, कोणी निरोप पोचवले, हे त्याने सांगितले असते, तर कितीतरी घरे उद्ध्वस्त झाली असती. त्या पुस्तकातल्या प्रत्येक मोकळ्या जागेत मला ती घरे दिसतात. आमच्यासारखीच, कऱ्हेकाठची, कोनाड्यात फडके झाकून ठेवणारी.

३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. वय चाळीस. देह कचेरीबाहेरच्या पिंपळाला तीन दिवस टांगून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दहशत बसावी म्हणून. खुशाबा नाईक आणि बापू सोळकर या सोबत्यांनाही फाशी झाली.

राखणदाराला धरण्याची रीत यानंतर थेट कायद्याच्या पुस्तकात गेली. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. ज्या जमातींवर शिक्का बसला, त्यांच्यात जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरले. हजेरी, परवान्याशिवाय गाव न सोडणे, झडती, हे त्याच्या नशिबी आले. मधल्या काळात १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, तेव्हा शिकलेल्या पुण्याने फारशी साथ दिली नाही आणि ते रामोशांकडे वळले. दौलतराव नाईक त्या लढ्यात मारले गेले. फडक्यांचे नाव पुस्तकांत आले, ते यावेच. दौलतरावांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? आद्य क्रांतिकारक हे बिरुद कोणाचे, यावर आज दोन्हीकडून हिरिरीने बोलले जाते. मला पहिला कोण या प्रश्नात रस नाही. पन्नास वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या जातींतली माणसे त्याच डोंगरात, त्याच माणसांच्या भरवशावर शिरली, हे मला त्याहून मोलाचे वाटते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. रामोशी समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. विमुक्त म्हणजे सोडून दिलेले. आमच्या गावची पाटलीची गोष्ट त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी घडली.

भिवडीला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा सीताफळाचा हंगाम होता. रस्त्याकडेला पाट्या लावून बायका बसल्या होत्या. गावात उमाजींचे स्मारक आहे, आणि ७ सप्टेंबरला तिथे लांबून लांबून माणसे येतात. मी गेले त्या दिवशी तिथे गर्दी नव्हती. एक शाळकरी मुलगा पायरीवर दप्तर टेकून बसला होता. मी विचारले, हे कोण. तो उठून उभा राहिला, शर्ट नीट केला आणि म्हणाला, "उमाजीराजं." त्याच्या उठून उभे राहण्यात जे होते, ते मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. तिथून वर पाहिले, तर पुरंदर अगदी डोक्यावर आल्यासारखा दिसतो. गडावर आज लष्कराचा ताबा आहे आणि दरवाजावर ओळखपत्र दाखवून आत जावे लागते. खालच्या मेटांच्या जागा झाडीत गेल्या आहेत.

खडकमाळ आळीत मी दरवर्षी जाते असे नाही, पण ३ फेब्रुवारीला पुण्यात असले तर जाते. शिवाजी रस्त्याच्या गजबजाटात, दाखले आणि उतारे घ्यायला आलेल्या माणसांच्या रांगांजवळ, हे स्मारक आहे. त्या दिवशी तिथे हार असतात, भंडारा असतो. गावाकडून आलेली म्हातारी माणसे चपला काढून उभी राहतात आणि फार बोलत नाहीत. जमिनीच्या उताऱ्यासाठी खेटे घालणारी माणसे आणि जमिनीच्या हक्कासाठी फासावर गेलेला माणूस एकाच आवारात भेटतात, हे मला दरवेळी नव्याने दिसते.

गेल्या खेपेला तिथे मला नाईकबाबांचा नातू भेटला. मी त्याला ओळखले नाही, त्यानेच हाक मारली. "आत्या, वळखलं का?" पुण्याच्या पूर्वेकडच्या एका मोठ्या गृहसंकुलात तो रखवालदार आहे, बारा तासांची पाळी, बहुतेक रात्रीचीच. अंगावर निळा गणवेश होता, पाळी संपवून तसाच आला होता. आजोबांची आठवण निघाली, पाटलीची निघाली नाही, मीच काढली. ती पाटली आता माझ्याकडे आहे, हे मला त्याला सांगायचे होते, आणि आमच्या घराने जे कधी म्हटले नाही ते म्हणायचे होते. मी म्हणाले. तो काही वेळ स्मारकाकडे पाहत राहिला. मग खांद्यावरची पिशवी पुढे ओढून त्याने तिचे तोंड उघडून मला दाखवले. आत रिकामा डबा, टॉवेल आणि विजेरी होती. "रोज सकाळी गेटावर ही अशी उघडून दाखवावी लागती," तो म्हणाला. "आत येताना न्हाई. जाताना."